मधला जपानी पाणदगड: १००० नंबर ठरला, पण दगड कोणता?

निशिकसाईकर:
नमस्कार. मी गेली चार वर्षे तोक्योच्या निशी-कासाई भागात राहतो. मागच्या हिवाळ्यात काप्पाबाशीच्या भांडीबाजारातून १८० मिमी लांबीची सांतोकू, म्हणजे भाजी-मांस-मासळी सगळ्याला चालणारी घरगुती जपानी सुरी घेतली. मधला गाभा शिरोगामी क्रमांक २ या साध्या कार्बन पोलादाचा आणि दोन्ही बाजूंनी मऊ लोखंडाचे वेष्टन, अशी तिची घडण आहे. पहिले काही महिने टोमॅटो सुरीच्या नुसत्या वजनाने कापला जात असे. आता पाते सालीवरून घसरते आणि कांदा चिरताना डोळ्यांना पूर्वीपेक्षा जास्त पाणी येते. दोन चाकांच्या फटीतून ओढायचे धारयंत्र या सुरीला लावू नका, पाण्याने ओला करून वापरायचा धारेचा दगडच वापरा, असे दुकानदाराने विकतानाच बजावले होते.

घराजवळच्या होम सेंटरमध्ये ८०० पासून २००० नंबरपर्यंतचे दगड आहेत. वाचून वाचून तीन नावे उरली आहेत: किंगचा डिलक्स १०००, शॅप्टनचा नारिंगी कुरोमाकु १००० आणि नानिवाचा चोसेरा १०००. आमचे स्वयंपाकघर इतके लहान आहे की कापायचा पाट मांडला की ओटा संपतो. घरात पत्नीची व्हीजी-१० या स्टेनलेस पोलादाची लहान सुरीही आहे. सध्या एकच दगड घ्यायचा आहे. नंबर कोणता घ्यावा, आणि एकाच नंबरच्या या तीन दगडांच्या किमतीत इतका फरक का, हे जाणकारांनी सांगावे.

रंधाकाम:
मी पुण्यात हौसेने सुतारकाम करतो. माझे दगड रंध्याच्या पात्यांसाठी आणि पटाशींसाठी आहेत, त्यामुळे माझे मत त्या बाजूला झुकलेले असणार, हे आधीच कबूल करतो.

जपानी लोक दगडांचे तीन टप्पे मानतात. आराटो म्हणजे खरबरीत दगड, जो साधारण ६०० नंबरपर्यंत जातो आणि खांडा पडलेले पाते पुन्हा आकारात आणण्यासाठी लागतो. नाकाटो म्हणजे मधला, ८०० ते २००० च्या आसपासचा. शिआगेटो म्हणजे शेवटचा हात फिरवायचा दगड, ३००० आणि त्यापुढचा. या सीमा कोणी कायद्याने आखलेल्या नाहीत, पण दुकानातली मांडणी बहुतेक अशीच असते.

नंबर हा कणाच्या आकाराचा आहे आणि इथेच आपल्याकडचे लोक फसतात. जपानी मानकात १००० नंबरचा कण सरासरी ११.५ मायक्रॉनचा, ८०० चा १४ चा आणि २००० चा ६.७ चा असतो. आपल्याकडे ज्या वॉटर पेपरवर पी हे अक्षर छापलेले असते, त्याची मोजणी युरोपीय आहे. त्यातला पी १००० चा कण सुमारे १८ मायक्रॉनचा असतो. म्हणजे १००० नंबरचा जपानी दगड हा पी १००० कागदापेक्षा पी २००० कागदाच्या कितीतरी जवळ आहे. हार्डवेअरच्या दुकानातला कागद चोळून पाहून दगडाचा अंदाज बांधला तर तो चुकणारच.

तुमच्या सुरीला खांडा नाहीत, ती फक्त बोथटली आहे. तिला १००० पुरेसा आहे. २००० चा दगड पहिलाच घेतला तर बोथट कड झिजवायला इतका वेळ लागतो की हात थकतो, कोन ढळतो आणि मग माणूस दगडाला नावे ठेवतो. ८०० वाईट नाही. पण त्याचे ओरखडे खोल असतात आणि पुढे कधी ६००० चा दगड आणलात तर ते पुसताना जीव मेटाकुटीला येतो.

आता किंगबद्दल. मी शिकलो तो याच दगडावर. तो मऊ आहे, पाणी पितो, वर घट्ट गाळ (झिजलेल्या कणांचा ओला लगदा) धरतो, आणि पाते कुठे टेकते आहे हे हाताला स्पष्ट कळते. तिघांत स्वस्तही तोच. मात्र वापरण्यापूर्वी बुडबुडे थांबेपर्यंत, म्हणजे दहा-पंधरा मिनिटे, तो पाण्यात बुडवावा लागतो. नमनालाच घडाभर पाणी, असा प्रकार आहे.

मोरळी:
आमच्या आईने आयुष्यभर विळी आणि सुरी चिनी मातीच्या बरणीच्या तळावर घासली. तळाच्या कड्याला झिलई नसते, तो भाग खरखरीत असतो. चार हात इकडे, चार हात तिकडे, की भाजी चिरायला सुरी तयार. एवढे मायक्रॉन मोजून नेमके काय जास्त मिळते, हे मला खरेच समजून घ्यायचे आहे.

रंधाकाम:
आईंची पद्धत खोटी नाही. भाजलेल्या मातीतले कण पोलाद खरवडण्याइतके कठीण असतातच. पण ते कडे अर्ध्या बोटाएवढे रुंद आणि वर गोल असते. त्यावर कडेचा शेवटचा केसभर भाग तेवढा सरळ होतो. असे सहा महिने केले की धारेमागचा भाग जाड राहतो आणि कड मात्र वर वर सरकत जाते. मग गाजर कापले जाण्याऐवजी फुटते. दगडाच्या सपाट अंगावर पाते टेकवून धारेमागचे पोलादही झिजवता येते, आणि जास्तीचे मिळते ते हेच.

धातुवेडा:
ग्राइंडिंग व्हीलच्या कारखान्यात बरीच वर्षे काढली आहेत, म्हणून किमतीतल्या फरकाच्या प्रश्नावर बोलतो. या दर्जाच्या बहुतेक दगडांतला कण एकच असतो, अ‍ॅल्युमिनिअम ऑक्साइड. म्हणजे आपला कुरुंदच, फक्त कारखान्यात केलेला आणि चाळून वेगळा केलेला. फरक पडतो तो कण ज्यात धरलेला आहे त्या बंधामुळे. कापण्याचे काम कण करतो आणि बोथट झालेल्या कणाला वेळेवर सोडून देण्याचे काम बंध करतो. बंध फार घट्ट असेल तर बोथट कण तिथेच अडून बसतात, दगड गुळगुळीत होतो आणि पाते नुसते सरकत राहते. फार सैल असेल तर ताजे कण सतत मिळतात, पण दगड डोळ्यांदेखत झिजतो आणि मधून खोलगट होतो.

किंग, सुएहिरोचा सेरॅक्स, बेस्टर हे भिजवून वापरायचे सच्छिद्र दगड आहेत. नानिवाच्या सुपर स्टोनमध्ये रेझिनचा बंध आहे; तो हाताला मऊ, जवळपास साबणासारखा लागतो. चोसेराचा बंध मॅग्नेशियाचा आहे, म्हणजे मॅग्नेशियम ऑक्साइड आणि मॅग्नेशियम क्लोराइड यांचे सिमेंट, जे भट्टीशिवायच घट्ट होते. त्यात कण दाट भरता येतात आणि दगड झपाट्याने कापतो. पण हे सिमेंट पाण्यात हळूहळू विरघळते. म्हणून चोसेरावर पाणी शिंपडावे, तो बुडवून ठेवू नये, आणि काम झाल्यावर उन्हात नव्हे तर सावलीत वाळवावा. कुरोमाकुलाही भिजवणे मानवत नाही. पाण्यात पडून राहिला तर तो वरून मऊ पडतो.

पोलादाचाही विचार करा. शिरोगामी हे शिमाने प्रांतातल्या यासुगीचे पोलाद. पूर्वीची हिताची मेटल्स, जिचे नाव २०२३ पासून प्रोटेरिअल झाले, ती ते बनवते. शिरोगामी म्हणजे पांढरा कागद. हे नाव पोलादाच्या गुणावरून आलेले नसून वेष्टनाच्या कागदाच्या रंगावरून आले आहे. क्रमांक २ मध्ये एक टक्क्याहून किंचित जास्त कार्बन असतो आणि मुद्दाम घातलेले दुसरे धातू जवळपास नसतातच. त्यामुळे ते कोणत्याही दगडावर लोण्यासारखे झिजते आणि त्याची बर सहज सुटते. (धारेमागे उलटून येणाऱ्या बारीक कडेला आमच्याकडे बर म्हणतात.) व्हीजी-१० हे फुकुई प्रांतातल्या ताकेफूचे पोलाद. त्यात सुमारे १५ टक्के क्रोमियम आहे, त्याचे कठीण कार्बाइड पोलादात विखुरलेले असतात, आणि त्याची बर चिवट असते. एका बाजूने काढली की दुसऱ्या बाजूला जाऊन बसते. शिरोगामीसाठी तिन्ही दगड सारखेच. पत्नींच्या सुरीसाठी मात्र मी किंगपेक्षा इतर दोघांपैकी एक घेईन.

निशिकसाईकर:
सर्वांचे आभार. नंबरचा प्रश्न सुटला असे मी धरतो. आणखी दोन शंका आहेत. किंगचा दगड ३४ मिमी जाड आहे आणि कुरोमाकु फक्त १५ मिमी; मग जास्त पैसे देऊन अर्ध्याहून कमी दगड घेणे हा व्यवहार कसा? दुसरे, एका बाजूला १००० आणि दुसऱ्या बाजूला ६००० असा जोडदगडही त्याच फळीवर आहे. दोन दगडांचे काम एकात होत असेल तर तोच का घेऊ नये?

रंधाकाम:
जाडीचा हिशेब मीही पूर्वी असाच करत असे. मग लक्षात आले की दगड पात्यापेक्षा सपाटीकरणात जास्त झिजतो. मऊ दगड मधून लवकर खोलगट होतो, तो सपाट करण्यासाठी दोन्ही टोके घासून उतरवावी लागतात, आणि दर वेळी चांगला दगड गाळ होऊन मोरीत जातो. कुरोमाकु कठीण असल्याने हा प्रसंगच कमी येतो. घरगुती दोन सुऱ्यांना १५ मिमी दगड वर्षानुवर्षे पुरेल.

खोलगट दगडाचा फटका मला एकदा चांगलाच बसला आहे. जपानी रंध्याचे पाते दुपदरी असते; मागे जाड मऊ लोखंड आणि पुढे कठीण पोलादाचा पातळ थर. त्याची तिरकी बाजू आरशासारखी सपाट हवी. मी दोन महिने दगड सपाट केला नाही. पात्याची तिरकी बाजू हळूहळू फुगीर झाली आणि सागाच्या फळीवर रंधा नुसता उड्या मारू लागला. पाते मूळ आकारात आणायला पूर्ण रविवार गेला. दुसरा पराक्रम असा की भिजवायचा नसलेला एक दगड सवयीने टबात रात्रभर राहू दिला. सकाळी त्यावर जाळीसारख्या भेगा होत्या. चूक माझी, दगडाची नव्हे. पण ज्याच्याकडे दोन जातींचे दगड आहेत त्याच्या हातून ती होतेच.

सुरीला मात्र थोडा खोलगटपणा चालतो, कारण तिची धार मुळातच वक्र असते. तेव्हा माझ्या अनुभवाला घाबरून जाऊ नका.

मुदपाकखाना:
मी ओसाकात एका जपानी उपाहारगृहाच्या स्वयंपाकघरात काम करतो. आमचे मधले दगड पाण्याच्या टाकीतच राहतात, कारण रोज रात्री काम संपल्यावर प्रत्येक जण आपापली सुरी दगडावर घेतो. तिथे किंगसारखा दगड आदर्श आहे. तो सदैव भिजलेला, सदैव तयार असतो. घरी माणूस तीन-चार आठवड्यांतून एकदा दगड काढतो. रात्री जेवणे उरकल्यावर सुरी बोथट असल्याचे लक्षात येते, दगड भिजवायला ठेवतो, तेवढ्यात झोप येते, आणि सुरी बोथटच राहते. हे मी माझ्या स्वतःच्या घरी पाहिले आहे, कामावर रोज दगड हाताळत असूनही. तुमच्या ओट्याचे वर्णन वाचल्यावर मी किंग आपोआप बाद केला.

जोडदगडाविषयी माझे मत बरे आहे, पण उत्साहाचे नाही. मधली बाजू रोज लागते, ६००० ची बाजू क्वचित. त्यामुळे एक बाजू संपते तेव्हा दुसरी जवळपास नवीच असते. त्यात दोन्ही थर पातळ. शिवाय टोमॅटो, मिरची, मासळीची कातडी यांना १००० वरची किंचित खरखरीत कड जास्त चांगली पकडते. घरगुती सुरीला १००० वर धार लावून, चार घड्या घातलेल्या वर्तमानपत्रावर पाते उलटे ओढून बर काढली की काम झाले. ६००० ची खरी गरज आम्हाला पडते ती साशिमीसाठी, म्हणजे कच्च्या माशाच्या कापांसाठी. यानागिबा या लांब, अरुंद सुरीने मासा एकाच ओढीत कापायचा असतो आणि कापलेल्या अंगावर चमक राहिली पाहिजे.

एक गोष्ट कोणी मांडली नाही, ती दिसण्याची. तुमच्या सुरीत मऊ लोखंड आणि कठीण पोलाद यांची सीमारेषा दिसत असेल. मऊ, गाळ धरणारा दगड लोखंडावर धुक्यासारखी मंद छटा आणतो आणि पोलाद किंचित उजळ राहते. याला कासुमी म्हणतात. कुरोमाकु किंवा चोसेरा लोखंडावर सरळ ओरखडे ठेवतो. ओसाकाजवळच्या साकाईत, जिथे पाते घडवणारा वेगळा आणि त्याला दगडावर घेणारा तोगिशी वेगळा, तिथे या छटेला फार मान आहे. ती आणायला नैसर्गिक दगडही वापरतात. क्योतो प्रांतातल्या कामेओकाचा आओतो हा मधल्या दर्जाचा नैसर्गिक दगड त्यासाठी नावाजलेला आहे. पण पहिला दगड म्हणून तो घेऊ नका. नैसर्गिक दगडात नंबर नसतो, प्रत्येक तुकडा वेगळा, आणि एखादी कठीण शीर मधेच असली तर ती पात्याला चरा पाडते. पारखणारे डोळे तयार होईपर्यंत कारखान्यातला दगडच बरा.

मोरळी:
या सगळ्या चर्चेत सपाट करायच्या साधनाची किंमत कोणी धरलेलीच नाही. दगड अमुक येनचा म्हणून घ्यायचा आणि मग त्याला सपाट करायला त्याहून महाग वस्तू घ्यायची, असे होणार असेल तर ते आधी सांगायला हवे.

रंधाकाम:
बरोबर बोललात, आणि चूक माझी आहे. हिऱ्याच्या कणांची पट्टी, उदाहरणार्थ आतोमा १४०, ही दगडाहून महाग पडू शकते. ती उत्तम आहे, पण दोन सुऱ्यांसाठी अनावश्यक. जाड काचेच्या तुकड्यावर किंवा सपाट फरशीवर खरखरीत वॉटर पेपर पाण्याने चिकटवावा, दगडावर पेन्सिलीने चौकटी आखाव्यात आणि रेघा जाईपर्यंत घासावे. नंतर दगड वाहत्या पाण्याखाली नीट धुवावा, कारण कागदातून सुटलेला एखादा मोठा कण वर राहिला तर पुढचे सगळे काम बिघडते. होम सेंटरमध्ये खाचा पाडलेला सपाटीकरणाचा स्वस्त दगड मिळतो. तो मला पटत नाही. काही महिन्यांनी तोच खोलगट होतो, आणि मग त्याला कशाने सपाट करायचे?

धातुवेडा:
चोसेरा आणि कुरोमाकु यांत निवड अडली असेल तर: चोसेरा हाताला अधिक सुखद आहे, तो पात्याला धरून ठेवतो. कुरोमाकु काहीसा काचेसारखा लागतो आणि नवशिक्याला त्यावर पाते घसरल्यासारखे वाटते. कापण्याच्या वेगात स्वयंपाकघरापुरता फरक जाणवणार नाही. चोसेराचे जास्तीचे पैसे हाताच्या सुखाचे आहेत. मी ते देतो, कारण मला ते सुख हवे असते. तुम्ही द्यायलाच हवेत असे नाही. कुरोमाकुचा प्लास्टिकचा डबा उलटा केला की तोच दगडाची बैठक होतो, आणि तुमच्या ओट्याला ही बाब सोयीची ठरेल.

निशिकसाईकर:
तीन आठवड्यांनी लिहीत आहे. नारिंगी कुरोमाकु घेतला. डबा सिंकच्या कडेवर बसतो, खाली ओले फडके घातले की हलत नाही, आणि बाटलीतून पाणी शिंपडून दोन मिनिटांत कामाला लागता येते.

पहिला प्रयत्न मात्र फसला. पात्याची पाठ दगडापासून दहा येनच्या दोन नाण्यांइतकी उचलावी, असे इथे सगळीकडे सांगतात. तसेच केले. अर्धा तास घासूनही बर आली नाही. धारेच्या वर लोखंडावर मात्र राखाडी पट्टा उमटला आणि पाणी काळे झाले. दगड निवडण्यात चूक झाली का, असे वाटू लागले आहे.

धातुवेडा:
दगड निर्दोष आहे. नाण्यांचा हिशेब करून पाहा. दहा येनचे नाणे दीड मिमी जाड, म्हणजे दोन नाणी ३ मिमी. सांतोकूच्या पात्याची रुंदी ४५ मिमी धरली तर हा कोन सुमारे ४ अंशांचा होतो. इतक्या सपाट कोनात दगड कडेपर्यंत पोहोचलाच नाही, तो तिच्या वरच्या लोखंडी अंगावरच घासत राहिला. १२ अंशांसाठी पाठ साडेनऊ मिमी आणि १५ अंशांसाठी साडेअकरा मिमी उचलावी लागते, म्हणजे पाठीखाली करंगळीचे टोक जेमतेम शिरेल इतकी. कडेला मार्करची काळी रेघ ओढा, दोन हात फिरवा आणि पाहा. रेघ कडेलाच पुसली गेली तर कोन बरोबर, वरच पुसली गेली तर पाठ अजून उचला.

मुदपाकखाना:
पहिला अर्धा तास वाया गेला असे समजू नका. धारेमागचे अंग तेवढे पातळ झाले. आम्ही हे काम मुद्दाम करतो, फक्त त्यासाठी १००० ऐवजी खरबरीत दगड घेतो.

निशिकसाईकर:
मार्करने उलगडा झाला. करंगळीच्या मापाने पाच-सहा मिनिटांत टाचेपासून (मुठीकडच्या टोकापासून) टोकापर्यंत बर हाताला लागली. वर्तमानपत्रावर ती निघाली आणि टोमॅटो पुन्हा सुरीच्या वजनाने कापला गेला. पत्नीच्या व्हीजी-१० ला तिप्पट वेळ लागला आणि तिची बर चार वेळा बाजू बदलून मगच सुटली, हे धातुवेडा यांनी सांगितले होते तसेच झाले.

काल कुतूहलापोटी दगडावर पेन्सिलीच्या चौकटी आखून तो फरशीवरच्या वॉटर पेपरवर घासला. दोन्ही टोकांच्या रेघा लगेच गेल्या, मधल्या चार-पाच बोटांतल्या मात्र तशाच राहिल्या. इतक्या थोड्या वापरात कठीण दगडही मधून खोल जातो का?

रंधाकाम:
जातो, कारण नवशिक्याचा हात दगडाच्या मधल्या तिसऱ्या भागातच फिरतो. मधल्या रेघा जाईपर्यंत घासा. पुढच्या वेळी टाचेचा भाग दगडाच्या जवळच्या टोकावर आणि सुरीचे टोक दूरच्या टोकावर घ्या, आणि मधे दगड उलटा फिरवून ठेवा. पेन्सिल डब्यातच राहू द्या.